ऑटिझमसाठी डोक्यावर लावायचं मशीन: ठाणे-नवी मुंबईच्या पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

महिन्यातून एका रविवारी नौपाड्यात आम्ही ऑटिस्टिक मुलांचे पालक भेटतो. पूर्वी तिथे शाळाप्रवेश, शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस), युडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) हे विषय असायचे. आता ऐरोली, खारघर, घोडबंदर, कळवा, कुठूनही फोन आला तरी तिसऱ्या वाक्याला तोच प्रश्न येतो: "ताई, डोक्यावर मशीन लावतात ते करून घेऊ का?" ही मशीनं मुख्यतः दोन: चुंबकीय ठोके देणारं टीएमएस आणि मंद वीजप्रवाह सोडणारं टीडीसीएस. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

मी डॉक्टर नाही. ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि सोळा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची आई आहे. यंत्र कसं चालतं ते मला समजतं. अभ्यास कसे वाचायचे ते मुलासाठी शिकले. तुमच्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे पान आहे.

१. टीएमएस म्हणजे शॉक देणं का?

नाही. ज्याला लोक शॉक म्हणतात ती ईसीटी. तिच्यात भूल देऊन, विजेचा प्रवाह सोडून मेंदूत मुद्दाम झटका (फिट) आणला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अल्पवयीन मुलांना ईसीटी द्यायला मनाई केली आहे. अगदीच गरज पडली तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी लागते. टीएमएसमध्ये भूल नसते, माणूस खुर्चीत जागा बसलेला असतो, आणि झटका येऊ नये यासाठीच सगळी काळजी घेतलेली असते.

तत्त्व बारावीच्या पुस्तकातलं आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह गेला की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि जवळच्या वाहकात त्यामुळे प्रवाह वाहू लागतो. फॅरेडेने हे १८३१ मध्ये दाखवलं. इथे तो वाहक म्हणजे मेंदूचा वरचा थर. शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये असं वेटोळं डोक्याजवळ धरून हाताचा स्नायू हलवून दाखवला, तिथून आजचं टीएमएस सुरू झालं. वेटोळ्याजवळचं क्षेत्र दीड-दोन टेस्ला, म्हणजे साधारण एमआरआय मशीनएवढं असतं, पण एका मिलीसेकंदाहूनही कमी वेळ टिकतं. नेहमीच्या, इंग्रजी आठच्या आकाराच्या वेटोळ्याचा परिणाम कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो.

असे ठोके ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा दिले की त्याला आरटीएमएस म्हणतात. सेकंदाला एक किंवा त्याहून हळू ठोके दिले तर त्या भागाची उत्तेजितता साधारणपणे उतरते. पाच किंवा त्याहून जलद दिले तर चढते. "साधारणपणे" हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण माणसागणिक उलटही होतं.

२. आणि टीडीसीएस? ते तर पट्ट्यासारखं दिसतं, सेलवर चालतं म्हणे.

हो, ते साधं आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर ठेवून साधारण वीस मिनिटं १ ते २ मिलिअँपिअर इतका मंद, सरळ प्रवाह सोडतात. टीएमएसचा ठोका चेतापेशीला पेटवतो. टीडीसीएस पेशीला फक्त पेटण्याच्या थोडं जवळ किंवा थोडं लांब नेऊन ठेवतं. त्वचेला मुंग्या येतात, खाज सुटते. स्पंज सुकला तर कातडी भाजू शकते. घरी वापरण्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

३. यानं ऑटिझम बरा होतो का?

नाही. ऑटिझम "बरा करणारं" कोणतंही मशीन, औषध किंवा इंजेक्शन आज जगात नाही. असं छापील पत्रकात लिहिलेलं दिसलं तर त्या केंद्राबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळाली असं समजा.

संशोधक विचारतात तो प्रश्न पुष्कळ लहान आहे: एखादी विशिष्ट अडचण, जसं की तेच ते करत राहणं, चिडचिड, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे नेता न येणं, लोकांत मिसळताना येणारा ताण, ही यानं थोडी हलकी होते का? पुढची सगळी उत्तरं या लहान प्रश्नाबद्दल आहेत.

४. पण सेंटरमध्ये "एफडीए अप्रूव्ह्ड" अशी पाटी होती. खोटी आहे का?

पाटी खरी असू शकते, तिचा अर्थ मात्र तुम्हाला वाटतो तो नसतो. औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने टीएमएसला २००८ मध्ये प्रौढांच्या नैराश्यासाठी परवानगी दिली, २०१८ मध्ये ओसीडीसाठी (नको असलेले विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) आणि २०२४ मध्ये एका यंत्राला १५ ते २१ वयाच्या मुलांच्या नैराश्यासाठी. या यादीत ऑटिझम नाही. टीडीसीएसलाही ऑटिझमसाठी मान्यता नाही.

रिक्षाला परमिट आहे म्हणून ती मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर चालवता येत नाही. यंत्र सुरक्षित बनवलंय म्हणून विकायची परवानगी असणं वेगळं आणि तुमच्या मुलाच्या निदानावर ते उपयोगी ठरलंय अशी मान्यता असणं वेगळं. केंद्रात विचारायचा प्रश्न असा: "कोणत्या आजारासाठी आणि कोणत्या वयासाठी मान्यता आहे, ते लिहून द्याल का?"

मान्यतेबाहेर उपचार देणं हा आपोआप गुन्हा नसतो. मुलांच्या औषधांत डॉक्टर पुष्कळदा तसं करतात. पण तेव्हा त्यांनी ते तोंडावर सांगायला हवं, पुरावा किती आहे तेही सांगायला हवं.

५. मेंदूला उत्तेजन देऊन ऑटिझममध्ये फरक पडेल, ही कल्पना आली कुठून?

२००३ मध्ये रुबेनस्टाइन आणि मर्झेनिक या दोन शास्त्रज्ञांनी एक तर्क मांडला: ऑटिझमच्या काही प्रकारांत मेंदूतले "पुढे जा" म्हणणारे आणि "थांब" म्हणणारे संदेश यांचा तोल ढळलेला असावा. मॅन्युएल कासानोव्हा यांनी मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पेशींच्या सूक्ष्म स्तंभांची रचना तपासली होती, त्यातूनही "थांब" म्हणणारी बाजू काही ठिकाणी कमी पडत असावी असं त्यांना वाटलं. मग हळू ठोके देऊन उत्तेजितता उतरवली तर? त्यांच्या गटाने कपाळामागच्या भागावर तेच करून पाहिलं.

तर्क सुंदर आहे. पण ऑटिझम हे एका कारणाचं नाव नाही. दोन मुलांमध्ये तोल वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या दिशेने ढळलेला असू शकतो, आणि काहींमध्ये ढळलेला नसेलही. म्हणून कोणी मेंदूच्या पुढच्या भागावर प्रयोग करतं, कोणी कानामागच्या भागावर, कोणी हळू ठोके देतं तर कोणी जलद. कुठे, किती आणि किती दिवस द्यायचं यावर एकमत नाही. मला तरी ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण एकमत नसलेल्या गोष्टीचं पॅकेज कसं काय ठरतं?

६. अभ्यासांत नेमकं काय सापडलं? तुम्ही वाचलेत म्हणून विचारतोय.

हे उत्तर लांब आहे. घाई असेल तर शेवटचा परिच्छेद वाचा, पण वेळ काढून सगळंच वाचावं अशी इच्छा आहे.

आशा देणारे अभ्यास आहेत. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर एन्टिकॉट यांच्या गटाने २८ प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींवर खोलवर पोचणारं टीएमएस वापरलं, दहा सत्रं. निम्म्यांना खोटं मशीन (तसंच दिसणारं, पण खरा परिणाम न करणारं) लावलं होतं. खऱ्या गटाला लोकांशी वागताना येणाऱ्या अडचणी कमी झाल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. त्याच वर्षी थायलंडमध्ये ५ ते ८ वर्षांच्या २० मुलग्यांना पाच-पाच दिवस टीडीसीएस दिलं, एकदा खरं आणि एकदा खोटं. खऱ्यानंतर लक्षणांचे गुण थोडे उतरले. मात्र मोजमाप काही दिवसांपुरतं होतं. शाळेच्या पुढच्या सत्रात ती मुलं कशी होती, हे त्यातून कळत नाही.

मग टोरांटोचा अभ्यास, २०२० मधला, स्टेफनी एमिस यांच्या गटाचा. १६ ते ३५ वयाचे ४० जण, चार आठवड्यांत २० सत्रं, निम्म्यांना खोटं मशीन. कामाची आखणी करणं, गोष्टी लक्षात ठेवून हाताळणं, यात सुधारणा होते का ते पाहायचं होतं. खऱ्या आणि खोट्या गटात लक्षणीय फरक निघाला नाही. हा अभ्यास व्यवस्थित केलेला होता, आणि केंद्रांच्या पत्रकांत मला तो एकदाही दिसलेला नाही.

२०१८ मध्ये तोवरचे २३ अभ्यास एकत्र करून एक आढावा घेतला गेला. पुन्हापुन्हा करण्याच्या सवयी आणि सामाजिक वागणं यांत मध्यम सुधारणा दिसली. पण बऱ्याच अभ्यासांत खोट्या मशीनशी तुलनाच नव्हती. काहींत तुलना होती ती नुसत्या प्रतीक्षायादीतल्या मुलांशी. ज्याला रोज कोणी प्रेमाने खुर्चीत बसवतंय आणि ज्याला काहीच मिळत नाही, त्या दोघांची तुलना करून मशीनबद्दल काय कळणार?

थोडक्यात: शास्त्र खरं आहे, संशोधन प्रामाणिकपणे चालू आहे, आणि आजच्या घडीला ऑटिझमसाठी हा उपचार प्रायोगिक आहे. अभ्यासांत उतरलेले बरेचसे लोक बोलणारे होते. अजिबात न बोलणाऱ्या, डोक्याला हात न लावू देणाऱ्या मुलांबद्दल माहिती फारच तुटपुंजी आहे.

७. आमच्या ओळखीच्या मुलाला खरंच फरक पडला. त्याची आई खोटं का बोलेल?

ती खोटं बोलत नाही. तिला फरक दिसला आहे. तो मशीनमुळे पडला का, एवढाच प्रश्न आहे.

सिक्रेटिनची गोष्ट आठवते. हे पचनाशी संबंधित एक संप्रेरक. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बातमी पसरली की याचं इंजेक्शन दिल्यावर ऑटिस्टिक मुलं बोलू लागतात. पालकांची रीघ लागली. १९९९ मध्ये ५६ मुलांचा अभ्यास छापून आला: काहींना सिक्रेटिन, काहींना मिठाचं पाणी. दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि ती सारखीच होती. मुलाला काय मिळालं हे पालकांना, शिक्षकांना, कोणालाच ठाऊक नव्हतं. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले की आम्हाला हे इंजेक्शन अजून हवं आहे. त्या पालकांना मी वेडं म्हणणार नाही. मीही त्यांच्यातलीच आहे.

मुलं वाढतात. सहा आठवड्यांत, काहीही न करता, आपली मुलंही नवं काहीतरी शिकतात. फक्त आपण इतर वेळी इतक्या बारकाईने बघत नाही. शिवाय आपण उपचार सुरू करतो ते सगळ्यात वाईट काळात, आणि वाईट काळानंतर थोडे बरे दिवस येतातच. रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडणं, आईचा किंवा बाबांचा दोन तास फक्त त्याच्यासाठी असणं, यानंही मूल निवतं. या सगळ्यातून मशीनचा वाटा वेगळा काढायला खोटं मशीन लावलेला गट लागतो. आपल्या एका मुलावरून तो काढता येत नाही, कितीही प्रेम असलं तरी.

८. त्यांनी ईईजीवरून "ब्रेन मॅप" काढून दाखवला, लाल भाग दाखवले. ते तर शास्त्रीय आहे ना?

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, शास्त्रीय आहे. फिट्स शोधायला तो लागतोच. पण ईईजीच्या रंगीत नकाशावरून ऑटिझमचं निदान करता येत नाही. रंग हे एका संगणकीय सरासरीपासूनचं अंतर दाखवतात. मूल हललं, डोळे मिचकावले, दात आवळले, रात्री झोपलं नाही, तरी रंग बदलतो. आणि आपल्या मुलांना टोपी घालून वीस मिनिटं शांत बसवणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका केंद्रात मी मुलाला घेऊन गेले होते. त्याचा नकाशा पडद्यावर लावला, कपाळाजवळचा लाल डाग दाखवला, आणि तीस सत्रांचं पॅकेज आजच्या आज घेतलं तर सवलत आहे असं सांगितलं. मी विचारलं, हाच नकाशा उद्या पुन्हा काढला तर डाग इथेच असेल का? उत्तर मिळालं नाही. ठाण्याच्या लोकलमध्ये बसल्यावर मला रडू आलं, कारण तो लाल डाग मी खरा मानला होता. कितीतरी दिवस त्याच्या कपाळाकडे बघताना तोच दिसायचा. असं एखाद्या आईला दाखवून पाठवू नये.

९. दुष्परिणाम काय? फिट येते का?

बहुतेकांना होणारा त्रास म्हणजे डोकेदुखी, वेटोळ्याखालची कातडी दुखणं, चेहऱ्याचा स्नायू उडणं. मशीनचा आवाज मोठा असतो, कानात इअरप्लग घालावेच लागतात. आवाज झाला की हातांनी कान झाकणाऱ्या मुलांसाठी हा दुष्परिणाम लहान नाही.

फिट येण्याचा धोका कमी आहे. २०१२ ते २०१६ मधल्या तीन लाख अठरा हजारांहून जास्त सत्रांची पाहणी झाली, त्यात २४ झटके नोंदले गेले. मात्र ती पाहणी आपल्या मुलांची नव्हती. ऑटिझमसोबत अपस्मार असण्याचं प्रमाण सर्वसाधारण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि काहींना पहिली फिट वयात येताना येते.

डोक्यात, मानेजवळ किंवा छातीत धातू किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण असेल तर टीएमएस नको: कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, व्हीपी शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी), व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर, पेसमेकर. हे सगळं सत्राआधी कागदावर विचारलं गेलं पाहिजे. कोणी विचारलं नाही, तर उठून बाहेर या.

१०. मुलाला फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत. तरी करता येईल का?

न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात नाही. फिट्सची गोळी चुकणं, रात्रीची झोप न होणं, काही मानसोपचाराची औषधं, या सगळ्यांनी झटक्याचा उंबरठा खाली येतो. रिस्पेरिडोन, नैराश्यावरच्या गोळ्या, एडीएचडीची (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) औषधं, काहीही चालू असेल तर पूर्ण यादी दाखवा. आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट. आणि एका सत्रासाठी कोणी "आज गोळी देऊ नका" म्हणालं तर ती गोळी ज्यांनी लिहून दिली त्यांना फोन करून विचारल्याशिवाय बंद करू नका.

११. माझी मुलगी चार वर्षांची आहे. लवकर केलं तर जास्त फायदा, असं सांगितलं.

"लवकर" हा शब्द आपल्याला कापत जातो, आणि विकणाऱ्यांना ते माहीत असतं. लवकर सुरू केल्याचा फायदा होतो तो संवाद, खेळ आणि रोजच्या कौशल्यांच्या मदतीचा: स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आई-बाबांना मुलाशी कसं खेळायचं ते शिकवणारे कार्यक्रम. त्याला मशीन जोडून विकलं जातं. इतक्या लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर पुढे दहा-पंधरा वर्षांनी याचा काय परिणाम होतो, हे दाखवणारा अभ्यास नाही. चार वर्षांच्या मुलीसाठी मी माझा एक रुपयाही यात घालणार नाही.

१२. ऑनलाइन टीडीसीएसचं मशीन मिळतंय. सेंटरपेक्षा स्वस्त. घरी लावू का?

कृपा करून नको. स्पंज एक-दोन सेंटिमीटर सरकला की दुसराच भाग येतो. न बोलणारं मूल भाजतंय हे सांगणार कसं? आणि एका कौशल्याला चालना देताना दुसरं मागे पडतंय का, हे घरी कळायला काही साधन नाही.

१३. मुलगा १७ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे आणि आता खूप डिप्रेशनही आलंय. मग?

हा प्रश्न वेगळा आहे, म्हणून वेगळा ठेवला. प्रौढांच्या नैराश्यासाठी टीएमएसला भक्कम पुरावा आहे आणि अमेरिकेत या वयासाठी मान्यताही आहे (प्रश्न ४). ऑटिस्टिक व्यक्तीलाही नैराश्य किंवा ओसीडी होते, आणि ऑटिझम आहे म्हणून तिला त्या उपचारापासून तोडणं अन्यायच होईल. उपचार नैराश्याचा असेल, मोजमापही नैराश्याचंच होईल, असं मानसोपचारतज्ज्ञाने स्पष्ट म्हटलं तर विचार करायला हरकत नाही.

मात्र दोन गोष्टी पाहा. आधी औषधं आणि समुपदेशन नीट करून पाहिलेत का? आणि निदान करणाऱ्याला ऑटिस्टिक मुलांचं नैराश्य ओळखता येतं का? चेहरा भावहीन असणं किंवा न बोलणं म्हणजे नैराश्य नव्हे. उलट आवडते ट्रेनचे व्हिडिओ बघणं अचानक बंद होणं, झोप-भूक बदलणं, स्वतःला मारणं वाढणं, ही खूण असू शकते. स्वतःला संपवण्याच्या गोष्टी बोलत असेल तर मशीनची चर्चा बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चालू असते, मराठीतही बोलतात.

१४. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय २६, ऐरोलीत आयटीत काम करतो. मी करून पाहू का?

तुमचा निर्णय तुमचा. अमेरिकेतले लेखक जॉन एल्डर रॉबिसन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २००८ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकोनेस रुग्णालयात ते टीएमएसच्या संशोधनात सहभागी झाले. इतरांच्या भावना अचानक तीव्रतेने जाणवू लागल्या, असं त्यांनी लिहिलंय. त्याचबरोबर जुन्या आठवणींचा अर्थ बदलला, नाती ताणली गेली, हेही त्यांनी लपवलेलं नाही. ते एका माणसाचं सांगणं आहे, पुरावा नव्हे. पण "काय सुधारायचं?" या प्रश्नाआधी "मला काय नकोसं झालंय?" हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारावा, असं मात्र त्यातून वाटतं. ऑफिसातला कलकलाट नकोसा असेल तर हेडफोन आणि वेगळी जागा मागता येते; त्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घेता येतो.

१५. संशोधनात भाग घेतला तर? तिथे फुकट असतं का?

मला विचाराल तर ऑटिझमसाठी हे करून पाहायचंच असेल तर हीच एक योग्य जागा. भारतात चालणाऱ्या चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय. इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. तिथे नोंदणी क्रमांक, आचारसमितीची मान्यता आणि कोणाला घेणार हे लिहिलेलं असतं.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनाचा खर्च सहभागी व्यक्तीकडून घ्यायचा नसतो, आणि संशोधनामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद असते. म्हणून "आम्ही रिसर्च करतोय" म्हणत सत्रागणिक पैसे मागणारी जागा दिसली तर सीटीआरआय क्रमांक मागा. तुमच्या मुलाला खोटं मशीन मिळू शकतं, हे आधीच पटवून घ्या. मला ते आवडतं, कारण त्या मुलांमुळेच उद्याच्या पालकांना खरं उत्तर मिळतं.

१६. मुलगा नको म्हणतो. आम्ही पालक आहोत, सही आमची. मग त्याचं ऐकायलाच हवं का?

हो. आयसीएमआरच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांपुढच्या मुलाची तोंडी आणि बारापुढच्या मुलाची लेखी अनुमती घ्यायला सांगितलं आहे, पालकांच्या सहीखेरीज वेगळी. ती संशोधनासाठी आहे. दवाखान्यात तिचं महत्त्व कमी कसं होईल? न बोलणारी मुलंही सांगतात. मान वळवतात, हात ढकलतात, खुर्ची पाहून ओरडतात. माझा मुलगा दोनच शब्द बोलला होता, "डोकं नको." ते मी ऐकलं. आधी रिकाम्या खुर्चीत बसवणं, आवाज फोनवर ऐकवणं, चित्रांतून काय होणार ते दाखवणं, हे करता येतं. धरून बसवून मात्र करू नये.

१७. खर्च, विमा आणि प्रवासाचं काय?

दर जागेगणिक बदलतो. कोटेशनमध्ये ईईजी, तपासणी आणि न झालेल्या सत्रांचा परतावा वेगळा लिहून मागा. आरोग्य विमा प्रायोगिक उपचाराला सहसा लागू होत नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना ऑटिझम असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण देते आणि तिच्यात नेहमीच्या थेरपींचा खर्चही धरतात, तो आधी मिळवा.

तीस सत्रं, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. घोडबंदरहून वाशीला जाऊन-येऊन रोजचे दोन-अडीच तास धरले तरी साठ ते पंचाहत्तर तास प्रवासात जातात, शाळा बुडते ती वेगळी. तेवढ्या पैशात आणि वेळात किती महिन्यांची स्पीच थेरपी होईल, हा हिशेब एकदा कागदावर मांडा. सुरू असलेली थेरपी बंद करून मशीनकडे वळू नका. त्यांनीच तसं सुचवलं तर नक्कीच नको.

१८. मग ठाणे-नवी मुंबईत जायचं तरी कुठे?

खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवून घेता येतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही ऑटिझम मोजणारी चाचणी आणि मग युडीआयडी. रांगा असतात, तारीख पुढची मिळते, हे मान्य. पण कोणी लाल डाग दाखवून आजच सही करायला सांगत नाही.

१९. हे स्टेम सेलसारखंच आहे का?

नाही, आणि दोन्ही एका पारड्यात टाकणं टीएमएसवर अन्याय होईल. टीएमएस बाहेरून होतं, धोका तुलनेने कमी आहे, दुसऱ्या आजारांसाठी सिद्ध आहे. स्टेम सेलमध्ये मूळपेशी टोचतात, म्हणजे शरीरात सुई जाते, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी ते करू नये अशी शिफारस केली. साम्य असेल तर विकण्याच्या भाषेत आहे.

२०. आम्ही पैसे भरलेत, बारा सत्रं झालीत. आता हे वाचून घाबरलो. मध्येच थांबवलं तर नुकसान होईल का?

घाबरू नका, आणि स्वतःला दोष तर अजिबात देऊ नका. मुलासाठीच केलंत. टीएमएस औषधासारखं हळूहळू कमी करावं लागत नाही. मध्येच थांबवता येतं. डोकेदुखी, झोप बिघडणं, डोळे स्थिर होऊन काही क्षण हरवल्यासारखं होणं, यातलं काही दिसलं असेल तर लगेच थांबवा आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून.

त्रास काही नसेल आणि पुढे चालू ठेवावं असं मनात असेल, तर आज एक काम करा. ज्या एका गोष्टीसाठी हे सुरू केलंत ती वहीत लिहा, मोजता येईल अशी: "दिवसातून किती वेळा स्वतःला चावतो", "रात्री किती वाजता झोपतो". ती रोज मोजा. ज्याला उपचाराबद्दल माहीत नाही अशा शाळेतल्या बाईंनाही तेच मोजायला सांगा. दोन आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवा. उरलेल्या सत्रांचे पैसे परत मागायचे ठरवलं तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पावत्या जपून ठेवा. रविवारी येताना वही आणि पावत्या दोन्ही घेऊन या, आपण बसून पाहू.